पुठ्ठ्याची पलटण

महाभारतात आधी द्यूत झाले आणि मग युद्ध. हल्ली क्रम उलटला आहे. आधी युद्ध होऊन जाते आणि ऐंशी वर्षांनी लोक त्याचा डाव मांडून बसतात.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या आमच्या भाच्याने कराडच्या आमच्या घरातली मधली खोली चार दिवस ब्रह्मदेशाच्या ताब्यात दिली होती. जेवणाच्या टेबलाएवढा नकाशा, त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरे, त्यांत डोंगर, नद्या आणि गर्द जंगल. वर पुठ्ठ्याचे शेकडो चौकोन. एक चौकोन म्हणजे एक पलटण! नियमांचे पुस्तक असे, की त्यापुढे बँकेची परिपत्रके बालवाङ्मय वाटावीत. जंगलातून एक घर सरकायला किती दिवस, पावसाळा लागला की किती, तांदूळ कुठवर पोचला, हिवतापाने किती आडवे झाले, सगळ्याचा हिशेब. दोन तासांत भाच्याचे सैन्य दोन घरे पुढे गेले. "एवढ्या वेळात माझे अनरशांचे चार घाणे निघाले," असा शेरा मारून सौ. आत गेली.

पण हा नाद नुसत्या रिकामटेकड्यांचा म्हणता यायचा नाही. १८२४ साली प्रशियात राइसवित्स नावाच्या एका लेफ्टनंटाने नकाशा आणि फासे घेऊन असाच खेळ लष्करापुढे मांडला, आणि अधिकारी त्यावर युद्धाचे धडे गिरवू लागले. १९७९ साली अमेरिकेत निघालेल्या उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेच्या खेळाला दहा गडी लागतात आणि तो पुरा व्हायला म्हणे दीड हजार तास. त्यात इटालियन शिपायांना पास्ता उकडायला जादा पाणी द्यावे, असाही नियम आहे! दिवसाला आठ तास धरले तरी हे एकशे सत्त्याऐंशी दिवस झाले. एवढी रजा साठवायला आमची निम्मी नोकरी जाते.

हसून झाले तरी एक प्रश्न उरतोच. ज्यात खरीखुरी माणसे मेली त्याचा खेळ करावा का?

सातारा जिल्ह्यात हा प्रश्न जरा जास्त टोचतो. १९६२ साली चीनच्या लढाईने देश हादरला तेव्हा संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेले यशवंतराव चव्हाण आमच्या कराडचे. जिल्ह्यातल्या एका गावाचे तर नावच अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जवान कामी आले. आणि १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरातल्या सांगशाकच्या टेकडीवर, पाण्याचे हाल सोसत, जपान्यांना काही दिवस अडवून धरणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. नकाशावर ही सगळी हकीकत अर्ध्या इंचाच्या पुठ्ठ्यात मावते.

मी हे बोलून दाखवले, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, बुद्धिबळात प्यादी मरत नाहीत का?"

मरतात. पण प्याद्याला भूक नसते. प्यादे तापाने फणफणत नाही. म्हणून मला वाटते, सोप्या खेळापेक्षा हा किचकट खेळ जास्त नीतिमान. निदान शिपायाला पोट असते, एवढे तरी तो मानतो.

आणि पोट न मानणारे सेनापती खरेच होते. जपानी सेनापती मुतागुची यांना ब्रह्मदेशातून इंफाळवर स्वारी करायची होती. १९४३ च्या जूनमध्ये रंगूनला सेनाधिकाऱ्यांनी या बेताचा नकाशावर डाव मांडून पाहिला. डाव म्हणाला, रसद पुरायची नाही. तसे बजावणारे वरिष्ठही होते. तरी १९४४ च्या जानेवारीत तोक्योने मंजुरी दिली. कर्जाच्या अर्जावर 'परतफेडीची ऐपत नाही' असा शेरा असताना वरून मंजुरी यावी, तसेच हे. जवळ शिधा सुमारे तीन आठवड्यांचा. पुढचे शत्रूच्या कोठारातून घेऊ! म्हणजे दुसऱ्याच्या शिलकेवर स्वतःचा चेक फाडणे. बरोबर चालते अन्न म्हणून गुरे हाकली. त्यांतली कित्येक चिंदविन नदीतच बुडाली. इंफाळातल्या सैन्याला विमानातून रसद मिळत राहिली आणि जुलैत मोहीम मोडली. सुमारे ८५ हजार जपान्यांपैकी ३० हजारांच्या आसपास मेले, त्यांतले बरेचसे भुकेने आणि रोगाने. पलीकडचे जनरल स्लिम हिवतापाच्या गोळ्या मोजत होते. ज्या पलटणीत त्या नीट घेतल्या जात नव्हत्या, तिथले काही अधिकारी त्यांनी सरळ घरी बसवले.

तेव्हा पाप खेळात नाही. रंगूनच्या टेबलावर पुठ्ठ्याला माणूस धरले होते. पाप पुढे घडले, माणसाला पुठ्ठा धरले तेव्हा.

तरीही माझ्यातला कॉमर्स पदवीधर गप्प बसत नाही. आमच्या धंद्यात एका बाजूला नावे पडले, की दुसऱ्या बाजूला जमा झालेच पाहिजे. नाहीतर ताळा जुळत नाही आणि संध्याकाळी घरी जाता येत नाही. खेळात पलटण खर्ची पडते, चौकोन डब्यात जातो आणि हिशेब संपतो. डबा बंद करताना भाचा सगळे चौकोन मोजून घेतो. चार दिवस लढून एकही कमी नसतो! खऱ्या पलटणीची दुसरी नोंद मात्र रणांगणावर होत नाही. ती होते दूर एखाद्या गावात. तिथे निरोप येतो, आणि घरातली एक थाळी कायमची फडताळात जाते. नियमांचे पुस्तक कितीही जाड केले तरी या नोंदीला त्यात रकाना नाही.

म्हणून खेळ बंद करा असे मी म्हणणार नाही. उलट, ज्यांच्या हाती खऱ्या पलटणी आहेत, त्यांना तो सक्तीचा करावा. फक्त अट एक: डाव 'नाही' म्हणाला, तर ऐकायचे. आणि हौसेने खेळणाऱ्यांनी डाव संपल्यावर, चहा पिता पिता का होईना, ती राहिलेली नोंद मनात करून टाकावी. ताळा तेवढ्यानेही जुळणार नाही, पण फरक कुठे आहे ते तरी कळेल.