तळ्याकाठची नीती

‘दृष्टीआड सृष्टी’ ही म्हण आपल्याकडे सामान्यतः समाधानाच्या सुरात उच्चारली जाते. जे डोळ्यांसमोर नाही त्याची चिंता वाहून मनास कष्ट का द्यावेत, असा तिचा व्यवहारातील अर्थ. परंतु हाच व्यवहार नीतीच्या प्रांतात नेला असता एक अवघड प्रश्न उभा राहतो. आपल्या कृत्याचा परिणाम दृष्टीआड गेला, एवढ्यानेच त्याची जबाबदारीही आपल्यावरून उतरते काय? ह्या प्रश्नाचा विचार ग्रंथांपेक्षा एखाद्या तळ्याकाठच्या वस्तीतून पायी हिंडताना अधिक स्पष्टपणे करता येतो, असे मला वाटते.

कोल्हापूरास नदीही आहे व तळेही आहे. म्हणून ह्या विचारास ते शहर सोयीचे. पंचगंगेच्या घाटावर उभे राहिले असता नदी मनुष्यास एक गोड भ्रम देते. पाण्यात सोडलेले निर्माल्य पाहता पाहता पुढे जाते आणि त्याच्या जागी नवे पाणी येते. पाप धुऊन नेण्याचे सामर्थ्य आपल्या पूर्वजांनी नदीस दिले, त्याच्या मुळाशी हा रोजचा अनुभवही असला पाहिजे. वस्तुतः काहीच नाहीसे होत नाही. तीच पंचगंगा पुढे इचलकरंजीजवळून वाहते व नरसोबाच्या वाडीस कृष्णेस मिळते. वरच्या गावाने जे सोडले ते खालच्या गावाच्या घाटास लागले, एवढेच काय ते झाले.

तळे असा भ्रम फार काळ टिकू देत नाही. अंबाबाईच्या देवळापासून जुन्या पेठांतून पायी निघून रंकाळा वेशीच्या बाजूने बाहेर पडावे, म्हणजे रंकाळ्याचा विस्तीर्ण जलाशय एकदम समोर येतो. पाण्यात संध्यामठाची दगडी वास्तू, पलीकडे 1931 ते 1934 ह्या काळात बांधलेला शालिनी पॅलेस, आणि अलीकडे चौपाटीवरील भेळेच्या गाड्या व मुलांचा गलबला. मोटारीतून येणारा येथेच थांबतो, सूर्यास्त पाहतो आणि परत जातो. त्याने जे पाहिले ते खोटे नव्हे. परंतु ते तळ्याचे दिवाणखाने होय. संपूर्ण वळसा घालावयाचा तर चार किलोमीटरांहून अधिक चालावे लागते, आणि असे चालणारासच घराच्या मागील अंगणाचे दर्शन घडते. वाढत्या वस्त्यांचे सांडपाणी नाल्यांवाटे कित्येक वर्षे ह्या तळ्यात उतरत आले. ते अडविण्याचे व वळविण्याचे प्रयत्नही वेळोवेळी झाले. नाला पाण्यास मिळतो त्या कोपऱ्याचा दर्प मोटारीच्या काचेआड पोहोचत नाही. ज्यांच्या खिडक्या त्या बाजूस उघडतात त्यांस मात्र तो चुकविता येत नाही.

तळ्यात केंदाळ माजते त्याचे कारण शास्त्र स्पष्ट सांगते. सांडपाण्यातील नत्र व साबणचुऱ्यातील स्फुरद ही वनस्पतींची खते होत. त्यांवर केंदाळ व शेवाळ पोसले जाते, पाण्यावर आच्छादन पडते, पुढे तेच कुजू लागते आणि पाण्यातील प्राणवायू संपून मासे मरतात. ह्या साऱ्या क्रियेत एकही दुष्ट मनुष्य नाही. जो तो म्हणतो, माझ्या एका बादलीने तळे थोडेच नासणार आहे? आणि त्याचे म्हणणे, एकट्यापुरते पाहिले तर, खरेच आहे. आपल्या कृतीचा नियम सर्वांनी पाळला तर काय होईल, हे पाहण्याची कसोटी कांट ह्या जर्मन तत्त्वज्ञाने सांगितली. इतरत्र ती मनातल्या मनात लावून पाहावी लागते. तळ्याकाठी सर्वजण तो नियम खरोखरच पाळतात आणि त्याचा निकाल हिरव्या अक्षरांत समोर पसरलेला असतो.

ह्या निकालापासून सुटण्याचा एक मार्ग शहरांस ठाऊक आहे. तो म्हणजे तळेच दृष्टीआड करणे. कोल्हापुरात पूर्वी पुष्कळ तळी व तीर्थे होती. कपिलतीर्थाच्या जागी आज भाजी मंडई आहे आणि वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान. मंडईत कोथिंबिरीचा भाव करणारास आपण एका तीर्थात उभे आहोत ह्याची दादही नसते. परंतु मोठा पाऊस झाला की गांधी मैदानात पाणी साचते. मनुष्य विसरला तरी उतार विसरत नाही.

मग प्रायश्चित्ताने तळे शुद्ध होते काय? होते, परंतु सावकाश. नाला आज बंद केला तरी तळाच्या गाळात साठलेला स्फुरद पुढे कित्येक वर्षे पाण्यात सुटत राहतो. म्हणजे पश्चात्तापानंतरही जुने देणे फेडावे लागतेच. तथापि निराश होण्याचे कारण नाही. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराने आपल्या काठच्या वॉशिंग्टन सरोवरात जाणारे सांडपाणी 1963 ते 1968 ह्या काळात क्रमाक्रमाने वळविले आणि त्या खोल सरोवराचे पाणी थोड्याच वर्षांत निवळले. मात्र ते सांडपाणी शुद्ध करून समुद्राच्या खाडीकडे नेण्यात आले, ही गोष्टही लक्षात ठेवावयास हवी. वळविलेले पाणी कोठेतरी जातेच. ते कोणत्या स्थितीत जाते व कोणाच्या दारी जाते, ह्याचा विचार जो करतो त्यानेच जबाबदारी ओळखली असे म्हणता येईल.

ज्यास आपल्या शहरातील तळ्याविषयी मत द्यावयाचे असेल त्याने म्हणूनच एकदा तरी त्यास पायी पूर्ण वळसा घालावा. सुंदर काठ पाहावा, त्याचा आनंदही मोकळ्या मनाने घ्यावा. परंतु नाला जेथे मिळतो तेथे नाकास पदर अथवा रुमाल लावून घाईने पुढे जाऊ नये. हे पाणी आले कोठून, असे स्वतःस विचारावे आणि त्या नाल्याच्या काठाकाठाने उलट दिशेस चालू लागावे. ती वाट बहुधा आपल्यासारख्याच एखाद्या सुशिक्षित घराच्या मोरीपाशी जाऊन थांबेल.