राजा आग्र्यात, राज्य जाग्यावर

वेल्ह्याजवळचा राजगड ही शिवाजी महाराजांची पहिली राजधानी. मार्च १६६६ मध्ये महाराज इथूनच आग्र्याला निघाले. १२ मे रोजी औरंगजेबाचा दरबार, मग नजरकैद, आणि १७ ऑगस्टला सुटका. इतके महिने राजा शेकडो कोस दूर, निरोप पोचेल याची खात्री नाही. तरी राज्य विस्कटलं नाही. जिजाऊसाहेब खंबीर होत्या, मोरोपंत पिंगळ्यांसारखी माणसं कारभार पाहत होती.

हे एका रात्रीत जमत नाही. गडांची घडीच तशी बसवलेली होती. सभासद बखर सांगते, गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे बरोबरीच्या दर्जाचे तीन अधिकारी असत आणि कारभार तिघांच्या विचारानं चाले. अधिकार वाटलेला, जबाबदारी ठरलेली. म्हणून रोज राजगडाकडे तोंड करून विचारावं लागत नसे.

आज एकेका कार्यालयाची माणसं चार गावांत बसून काम करतात आणि साहेब तासातासाला फोन करतात. मला वाटतं, ती देखरेख नव्हे, ती भीती आहे. आज तुमच्या दूरच्या सहकाऱ्याशी बोलाल तेव्हा, काम कुठवर आलं हे विचारण्याआधी, कोणते निर्णय त्यानं स्वतः घ्यायचे ते स्पष्ट सांगा.