अडीनडीचा पैसा

मराठी संसारात एक पैसा असा असतो की त्याचा हिशेब कोणत्याही वहीत सापडत नाही. तो तांदळाच्या डब्यात असतो, डाळीच्या बरणीच्या तळाशी असतो, देवाच्या तसबिरीमागे असतो, नाहीतर जुन्या लुगड्याच्या घडीत असतो. तो आहे, हे घरच्या पुरुषाला अंधुकसे ठाऊक असते. किती आहे, हे ठाऊक नसते आणि विचारायचेही नसते. घरातली बाई त्याला ‘अडीनडीचा पैसा’ म्हणते. अडीनड येईपर्यंत त्याला कोणी हात लावीत नाही आणि ती आली म्हणजे पहिला हात त्यालाच लागतो.

या पैशाचा उगम शोधू गेल्यास तो पुष्कळदा दिवाळीतच सापडेल. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, भाऊबीजेला बहीण भावाला ओवाळते; ताटात पडलेली नोट संध्याकाळी डब्यात जाते. पुढे वर्षभर त्यात भर पडत राहते : भाजीतून वाचलेले दहा रुपये, दुधाचे वीस, माहेराहून निघताना आईने मुठीत दाबलेले शंभर. आमच्या यावल-रावेरकडे तर या डब्यावाचून संसार करणे कठीणच. केळीचा घड हाती यायला वर्ष उलटते. पैसा येतो तो एकदम, आणि मध्ये कित्येक महिने घरात रोकड दिसत नाही. त्यात मे-जूनमध्ये एखादे वादळ सुटले, की भरल्या घडांची बाग अर्ध्या तासात आडवी होते. मग शाळेची फी, दवाखाना, किराणा हे सारे त्या डब्यातून निघते. शाळामास्तराला हे लवकर कळते. परीक्षेचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी मुलाच्या हातात आलेल्या नोटांना पुष्कळदा हळदीचा वास येतो.

आता प्रश्न असा की, हा पैसा कोणाचा?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण २०१६ साली तो घरोघर उभा राहिला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ३० ऑक्टोबरला होते आणि भाऊबीज १ नोव्हेंबरला. पुढे सातव्या दिवशी, ८ नोव्हेंबरच्या रात्री, पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा मध्यरात्रीपासून चालणार नाहीत असे पंतप्रधानांनी जाहीर केले. देशातल्या चलनापैकी, किमतीच्या हिशेबाने, सुमारे ८६ टक्के चलन या दोन नोटांचे होते. भाऊबीजेची कोरी नोट आठवड्याच्या आत बाजारातून उठली. बँकेत भरायला ३० डिसेंबरपर्यंत मुदत होती हे खरे. पण भरायची म्हणजे आधी घरात सांगायला हवे. खेड्यातल्या शेतकरी कुटुंबाचे खाते बहुधा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत, आणि १४ नोव्हेंबरपासून त्या बँकांना जुन्या नोटा घेण्याची मनाई झाली. मग तालुक्याच्या गावी जाऊन दुसऱ्या बँकेच्या रांगेत उभे राहणे आले, आणि पुष्कळ ठिकाणी तेथले खातेही नवऱ्याच्याच नावाचे! वर्षानुवर्षे झाकलेला डबा असा चव्हाट्यावर आला. ‘आमच्याही घरात काळा पैसा निघाला बरं का’, असे नवरेमंडळी पारावर हसत हसत सांगत. त्या हसण्यात कौतुकही होते. परंतु खात्यात भरलेली ती रक्कम पुढे कोणाच्या हाती आली, हे मात्र पारावर कोणी बोलले नाही.

गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरणा केला तर त्याची चौकशी होणार नाही, असे सरकारने सांगितले होते. तरीही एका गृहिणीचे प्रकरण आग्र्याच्या प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणापर्यंत पोहोचले. २०२१ साली निकाल तिच्या बाजूने लागला. घरखर्चातून वाचवून साठवलेली ती रक्कम तिचे दडवलेले उत्पन्न ठरत नाही, असे न्यायाधिकरणाने मानले. म्हणजे सरकारदरबारी त्या बचतीला मान मिळाला. घरात तो मिळतो का?

आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांनाही हा प्रश्न पडला होता. दुष्काळात, धर्मकार्यासाठी, आजारपणात किंवा बंदिवासात नवऱ्याने बायकोचे स्त्रीधन घेतले, तर ते परत देण्यास तो बांधलेला नाही, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. इतर प्रसंगी घेतले तर परत द्यावे लागेल, असा त्याचा दुसरा अर्थ. आणि त्या काळाच्या मानाने तोही लहान नव्हता. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात याच्या पुढचे पाऊल टाकले. स्त्रीधनावर नवऱ्याचा हक्क नाही. अडचणीच्या वेळी तो ते वापरू शकतो, पण ते किंवा त्याची किंमत परत करणे हे त्याच्यावर नैतिक बंधन आहे, असे न्यायालयाने म्हटले. डब्यातली बचत स्त्रीधनात मोडते की नाही, याचा खल वकिलांनी करावा. मला महत्त्वाचा वाटतो तो ‘नैतिक बंधन’ हा शब्द. कायद्याचे बंधन पाळायला लावणारे शिपाई असतात. नैतिक बंधन पाळायला लावणारा आपल्याखेरीज दुसरा कोणी नसतो.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. ‘घर एक, चूल एक, त्यात तुझे-माझे कशाला?’ आक्षेप गोड आहे. पण सातबाराचा उतारा काढून पाहावा. त्यावर बहुतेक ठिकाणी एकट्या पुरुषाचे नाव असते, आणि तेव्हा ‘आपले’ हा शब्द कोणाला सुचत नाही. शेत त्याचे, घर त्याचे, बैलजोडी त्याची. आणि वादळ झाल्यावर डब्यातला पैसा तेवढा ‘आपला’! १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली आणि शेतकऱ्यांना आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावे करायला सांगितले. समाजाने आमच्या घामाचे मोल बुडवले अशी ज्याची तक्रार आहे, त्याने घरच्या लक्ष्मीचे देणे आधी चुकवावे, हा त्यामागचा विचार होता. तो विचार मला आजही बिनतोड वाटतो. ज्या घरात सगळेच खरोखर दोघांचे आहे, तेथे डबाही दोघांचा असायला माझी हरकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. चोरून साठवणे ही फसवणूक नव्हे काय? नवराबायकोत सत्य हवे, हे कोण नाकारील? परंतु सत्य बोलण्यासाठी ऐकणाऱ्याचाही भरवसा लागतो. ज्या घरात पैसा दिसला की तो गुत्त्यात जातो, पत्त्यांत जातो किंवा भावकीच्या बडेजावात जातो, तेथे डबा लपवणारी बाई लेकरांचा घास राखत असते. तिच्या लपवण्याचा दोष तिच्या पदरात घालण्यापूर्वी, तिला तो डबा उघड्या फळीवर का ठेवता येत नाही, हे त्या घराने स्वतःला विचारावे.

संकट घरावर आले काय किंवा देशावर आले काय, रीत तीच दिसते. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या अंगावरची चांदी मुंबईच्या टांकसाळीत वितळायला गेली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, आणि ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने शेतीखेरीज इतर कामांसाठी सोनेतारणावर मिळणाऱ्या कर्जाची मर्यादा दागिन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर नेली. ही सवलत ३१ मार्च २०२१ पर्यंत होती. सोय चांगलीच होती. पण तिचा अर्थ असा की, एवढे मोठे राज्ययंत्र अडचणीत आले तेव्हा त्यालाही बाईच्या मंगळसूत्राची आणि पाटल्यांची आठवण झाली. ज्या घरांनी मागे रिकामा केलेला डबा पुन्हा भरला नव्हता, त्या घरांना मात्र ही सोय असून नसल्यासारखी होती. परतफेडीचा आग्रह मी धरतो तो यासाठीही. संकट एकदाच येईल असा करार त्याने कोणाशी केलेला नसतो.

आणि ज्यांच्या डब्यात टाकायलाच काही उरत नाही, त्यांचे काय? सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या तडवी-पावरा मजुराची पुंजी म्हणजे दारातली शेळी आणि बायकोच्या गळ्यातली थोडी चांदी. त्याला काटकसरीचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे महात्म्य सांगणे. तेथे डबा समाजाने भरायचा असतो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर राबवली, १९७७ साली तिचा कायदा केला, आणि तिच्या खर्चासाठी पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. तो कर माझ्याही पगारातून कापला जातो. त्याच्याविषयी कुरकुर मी अनेकदा ऐकली आहे. मला तो कधी जड वाटला नाही. आपल्या ओळखीच्या नसलेल्या एखाद्या बाईच्या डब्यात आपण महिन्याला चार पैसे टाकतो, असे मनात धरले म्हणजे झाले. समाजालाही अडीनड असते, आणि त्याचाही एक डबा असावा लागतो.

पण समाजाचे ऋण मान्य करणाऱ्याने घरचे ऋण विसरू नये. बाईने पैसा आनंदाने दिला, मागितला नाही, बोलूनही दाखवला नाही, म्हणून देणे फिटत नाही. उलट, जे देणे मागायला कोणी येत नाही, ते फेडण्यातच माणसाची परीक्षा असते. सावकाराचे कर्ज भीतीनेही फिटते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण वही पुजतो. केरसुणीलाही हळदकुंकू लावतो, कारण घर जी राखते ती लक्ष्मी, हे आपल्या पूर्वजांना उमगले होते. यंदा त्या वहीच्या पहिल्या पानावर, ‘श्री’च्या खाली, एक साधी ओळ लिहावी : अमुक साली, अमुक अडचणीत, घरातून घेतले इतके रुपये. ज्यांना आकडा आठवत नसेल त्यांनी तिला विचारावा. तिला तो आठवत असतो. आणि पाडव्याला ताटात ओवाळणी टाकताना त्या आकड्यातला पहिला हप्ता निराळा मोजून द्यावा. ओवाळणी ही ओवाळणी. हे देणे आहे.