परांची कधी उतरवावी?

शिकणाऱ्याला दिलेल्या तात्पुरत्या मदतीसाठी परांचीचे रूपक डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांच्या 1976 च्या शोधनिबंधामुळे रुजले. त्यातल्या प्रयोगात तीन ते पाच वर्षांच्या 30 मुलांना 21 लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायचा होता. शक्यतो मुलालाच करू द्यायचे, अडले तर शब्दांनी सुचवायचे, तरीही जमले नाही तर करून दाखवायचे, अशी शिकवण्याची रीत होती. सर्वांत लहान मुलांना मुळात कामाकडे ओढावे लागले. पाच वर्षांच्यांना बहुधा केलेले बरोबर असल्याची खात्री तेवढी हवी होती. जमू लागले की मदत कमी करावी, हे तत्त्व यातून पुढे आले.

पूर्वपक्षाचा आक्षेप रूपकावरच आहे. परांची गवंड्याचा भार पेलते, भिंतीचा नाही. ती उतरवल्याने भिंत पडत नाही. मग मदत काढण्याचा एवढा विचार कशासाठी?

उत्तरपक्ष म्हणतो, इथे स्लॅबखालचे टेकू डोळ्यांपुढे आणावेत. ओल्या काँक्रीटला स्वतःचा भार पेलत नाही. म्हणून साध्या पोर्टलंड सिमेंटच्या, 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान 7 दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवस ठेवावेत, असे आयएस 456 हे भारतीय मानक सांगते.

‘सिमेंट घट्ट होण्याचा वेग ठाऊक आहे, म्हणून दिवस सांगता येतात,’ पूर्वपक्ष म्हणतो. ‘मुलाचा वेग कोणाला ठाऊक आहे? आणि टेकू आहे हे स्लॅबला कळत नाही. मुलाला कळते, आणि कळले की ते त्यावर रेलते.’

हा आक्षेप सहज बाजूला सारता येत नाही. उत्तरपक्ष दिवसांचा हिशेब सोडून देतो: मुलाची पुढची कृतीच कसोटी मानावी. चुकले तर मदत एक पायरी वाढवावी, जमले तर एक पायरी उतरवावी. रेलण्याची सवय लागायला मग वाव कमी राहतो.

‘त्या प्रयोगात एका मुलासमोर एक शिक्षिका होती,’ पूर्वपक्ष आठवण देतो. भारताच्या 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक वर्गांसाठी साधारण 30 मुलांमागे एक शिक्षक धरला आहे. तिथे मदत थांबते ती मुलाला जमले म्हणून नव्हे, तर धडा संपला म्हणून. नुकतेच शिकलेले मूल शेजारच्याला मदत करू शकते, हे उत्तरपक्षाचे म्हणणे खरे आहे. पण ते पुष्कळदा थेट उत्तरच सांगून टाकते. उत्तरपक्षाकडे याहून भक्कम उत्तर नाही.

तो मग ऊती-अभियांत्रिकीकडे वळतो. तिथे पॉलिलॅक्टिक आम्लासारख्या पदार्थांचा सच्छिद्र सांगाडा शरीरात बसवतात. पेशी त्यावर वाढतात आणि तो हळूहळू विरघळतो. काढणारा हात लागत नाही. लवकर विरघळला तर नवी ऊती आधाराविना पडते, उशीर झाला तर तिच्या वाढीला जागा उरत नाही. पूर्वपक्षाला इथेही तीच अडचण दिसते: विरघळण्याचा वेग सांगाडा घडवतानाच बराचसा ठरतो, आणि नवी ऊती भरून येण्याचा वेग मात्र माणसागणिक वेगळा असतो.