‘तुम्ही’ म्हणजे एकटा नव्हे

आजचं वाचन: १ करिंथ १०:१२-१४, योहान ४:५-३०



आजचं वचन आपल्यातल्या बहुतेकांना पाठ आहे. तरुण संघाच्या शिबिरात, वाढदिवसाच्या कार्डावर, व्हॉट्सअॅप स्टेटसवर सगळीकडे ते दिसतं. माणसाला सोसवणार नाही अशी परीक्षा देव येऊ देत नाही आणि परीक्षेबरोबर बाहेर पडायची वाटही ठेवतो, असा त्याचा अर्थ. ऐकायला धीर येतो. पण मोहात तीन-चार वेळा पडून झालेल्या माणसाला हेच वचन टोचतं, हे मी अलीकडे फार जवळून पाहिलं.

आमच्या तिवस्याकडचा एक मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो. क्रिकेटच्या टीम लावायच्या अॅपवर त्याने ४९ रुपयांपासून सुरुवात केली. मग पगार गेला, मग कर्ज देणाऱ्या अॅपचा हप्ता सुरू झाला, आणि शेवटी बापाने सोयाबीन विकून खोलीच्या डिपॉझिटसाठी पाठवलेले पैसे गेले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तेव्हा तो म्हणाला, “दादा, सुटलो.” दोन महिन्यांनी रात्री दीड वाजता फोन. अॅप बंद झालं होतं, पण टेलिग्रामवर एक ‘भाऊ’ भेटला होता. फोनवर तो रडत नव्हता, याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाला, “देव सोसवेल तेवढंच देतो ना? मग मला का सोसवलं नाही? आणि माफी तरी किती वेळा मागायची? त्यालाही कंटाळा आला असेल आता.”

त्याला लगेच उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. मी एवढंच म्हणालो की फोन ठेवू नकोस.

नंतर हे वचन मी पुन्हा नीट वाचलं. पौल हे पत्र करिंथच्या मंडळीला लिहितोय. करिंथ म्हणजे दोन बंदरांमधलं शहर. पैसा, परगावचे लोक, आणि तुम्ही रात्री कुठे जाता हे विचारणारं कोणी नाही. आपल्यातले कितीतरी जण आज असल्याच शहरात भाड्याच्या खोलीवर राहतात. पण खरी गोम आणखी एका शब्दात आहे. मराठीत आपण एका माणसालाही आदराने ‘तुम्ही’ म्हणतो, त्यामुळे हे वचन वाचताना प्रत्येकाला वाटतं की हे मला एकट्याला सांगितलंय. मूळ ग्रीकमध्ये तिथे अनेकवचन आहे. तुम्ही सगळे. तुम्हा सगळ्यांना सोसवणार नाही अशी परीक्षा येणार नाही, आणि वाट ठेवली आहे तीही तुम्हा सगळ्यांसाठी.

म्हणजे दीड वाजता बंद खोलीत एकट्याला जे सोसवत नाही, ते मंडळीला सोसवायचं असतं. त्या मुलाने वचनाचा हिशोब चुकीचा मांडला नव्हता. आख्ख्या मंडळीचं ओझं तो एकट्याच्या डोक्यावर घेऊन बसला होता आणि मान मोडली म्हणून देवाला विचारत होता. (आमच्या कामात एक सर्व्हर पडला तर दुसरे लोड उचलतात. तसं नसेल तर आम्ही पडलेल्या सर्व्हरला शिव्या देत नाही, रचना तपासतो. एवढंच कामातलं उदाहरण, पुढे नाही.)

आता अडचण अशी की ओझं सांगायचं तर तोंड उघडावं लागतं, आणि लाज तोंड उघडू देत नाही. क्षमा आधी लागते ती इथे. “आधी सुधारतो, मग देवाकडे जातो, मग लोकांना सांगतो,” हा आपला क्रम असतो. शोमरोनी बाईच्या गोष्टीत तो नेमका उलटा आहे. ती भर दुपारी एकटी विहिरीवर येते. गर्दीची वेळ टाळून येते, असं आपण समजतो. येशू तिला आधी पाणी मागतो. तिच्या पाच नवऱ्यांचा विषय निघतो तो बोलणं सुरू झाल्यावर, आणि तिचं सगळं माहीत असूनही तो उठून जात नाही. ती घागर तिथेच टाकून गावात जाते आणि जे लपवायचं तेच चौकात सांगत सुटते: माझं सगळं ज्याला ठाऊक आहे, त्याला येऊन बघा. लाज गेली, कारण जे उघडं पडायचं ते क्षमा करणाऱ्यासमोर आधीच पडलं होतं.

याच अध्यायाने आपल्या महाराष्ट्रातल्या एका बाईचं आयुष्य फिरवलं. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या भगिनींकडे राहिल्या. त्या भगिनींचं लंडनमध्ये फुलहॅमला एक काम होतं. ज्यांना समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलं, अशा स्त्रियांना तिथे पुन्हा उभं करत. रमाबाईंनी ते पाहिलं. अशा बायकांबद्दल कोणी मायेने बोलल्याचंसुद्धा आपण तोवर ऐकलं नव्हतं, असं त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिलं आहे. हे का करता, असं विचारल्यावर एका भगिनीने त्यांना विहिरीवरच्या बाईची गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पण मला त्यांच्या साक्षीतला पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो, कारण तो आपण सहसा सांगत नाही. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नाही. एवढ्या विद्वान बाईला, बाप्तिस्मा झालेला, पुण्यात शारदा सदन चालू असताना! त्यांनी ते झाकलं नाही, लिहून ठेवलं. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी फुलहॅमसारखंच एक घर उघडलं आणि त्याचं नाव ठेवलं कृपासदन. सुधारगृह नाही, कृपासदन. त्या दारातून आत यायला सुधारून यावं लागत नव्हतं.

तिवस्याहून अमरावतीकडे निघालं की मोझरी लागतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम १९३५ पासून तिथे आहे. माझी श्रद्धा येशूवर आहे, पण त्या बाजूला वाढलेल्या माणसाने एक गोष्ट नाकारू नये: गावातलं व्यसन सुटायचं तर सगळ्यांनी एकत्र बसून प्रार्थना केली पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. आपण मात्र उपासनेला शेजारी शेजारी बसून ‘आमच्या पापांची क्षमा कर’ म्हणतो, ‘आम्हाला’ परीक्षेत आणू नकोस म्हणतो, आणि घरी जाऊन प्रत्येक जण ‘माझं’ घेऊन झोपतो. प्रभूने शिकवलेल्या त्या प्रार्थनेत ‘मी’ एकदाही येत नाही, हे मोजून पाहा.

आणखी एक. पुढच्याच ओवीत पौल पळा म्हणतो. मूर्तिपूजेपासून पळा. तिथे थांबून झुंजा म्हणत नाही. योसेफही पोटीफराच्या घरातून अंगरखा सोडून पळाला, थांबून वाद घातला नाही. पळणं म्हणजे भित्रेपणा असं आपल्याला शिकवलंय, म्हणून आपण फोन हातात धरून मोहाशी लढत बसतो.

त्या मुलाचं काय झालं? त्याच्या रूममेटने यूपीआयचा पिन बदलून स्वतःकडे ठेवला. टेलिग्राम काढलं. पाळकांशी बोलणं झालं. सगळ्यात अवघड होता बापाला फोन. तो लावला तेव्हा मी दुसऱ्या फोनवर होतो. बाप बराच वेळ गप्प, मग म्हणाला, “तू पयले घरी ये बाप्पा. पैशाचं पाहू मंग.” उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर मी बरीच प्रवचनं ऐकली आहेत. त्यातलं एकही एवढं छोटं नव्हतं.

नंतर तो आणखी एकदा घसरला. हे सांगायलाच हवं, नाहीतर वाचणाऱ्या कोणाला वाटेल की आपलंच होत नाही. फरक इतकाच की या वेळी त्याने रात्री दीडला नाही, संध्याकाळी सातला फोन केला, आणि गेले होते ते पाचशे रुपये. पेत्राने किती वेळा क्षमा करू विचारलं तेव्हा येशूने सातावर थांबू दिलं नाही, सत्तर वेळा सात म्हणाला. जो आपल्याला मोजू नको म्हणतो, तो स्वतः वही घेऊन बसेल का?

आज हे वाचताना तुमच्या मनात एखाद्याचं नाव आलं असेल, किंवा स्वतःचंच. त्या माणसाला संध्याकाळी फोन करा. दीड वाजायची वाट पाहू नका.

प्रार्थना: प्रभू येशू, रानात चाळीस दिवस तू उपाशी होतास, मोह काय असतो ते तुला ठाऊक आहे. आज रात्री पुण्यात, मुंबईत, बंगळुरूत बंद खोलीत फोनकडे पाहत बसलेल्या आमच्या भावाबहिणींजवळ बस. त्यांना नंबर लावायचं बळ दे, आणि आम्हाला तो उचलायची बुद्धी दे. आमेन.