'मला समजतंय' म्हणणारा गोरा पोरगा

पासपोर्ट नसला तरी कथा वाचून परदेश फिरता येतो, असं पांढरपेशे रसिक सांगतात. फिरता येतं, खरंय. पण फिरणारा तिथं जाऊन करतो काय?

नायजेरियाच्या चिमामांडा न्गोझी अदिची यांचा 'द थिंग अराउंड युअर नेक' हा संग्रह २००९ साली आला. त्याच नावाच्या कथेतली अकुन्ना लागोसहून अमेरिकेत येते, हॉटेलात वेटरचं काम करते. तिचा गोरा मित्र पैसेवाल्या घरचा, गरीब देश हिंडलेला. मुंबईतले गरीब तेच खरे भारतीय, असं त्याचं म्हणणं. ती विचारते, मग हार्टफर्डच्या गरिबांसारखा नाहीस म्हणून तू खरा अमेरिकन नाहीस काय? यानं आपल्या देशात येऊच नये असं तिला वाटतं. हा ज्यांना टकामका बघणार, त्यांना ह्याचं घर कधी बघायला मिळणार नाही. धारावी दाखवायच्या सहली निघतात, त्यांचा सगळा हिशेब ह्यात आला.

एकदा ती बापाची गोष्ट सांगते. पावसात त्याची गाडी एका बड्या माणसाच्या मोटारीला धडकली. बाप उतरला नि सरळ रस्त्यावर पालथा पडला, माफी मागत. पोरगा तिचा हात धरून म्हणतो, मला समजतंय. ती हात झटकते.

हे 'समजतंय' आपण सभांत, चर्चासत्रांत किती ऐकलं! डोळ्यात पाणी आलं की रसिक मोकळा. मग चहा.

सगळी कथा 'यू' म्हणून सांगितलीय. इंग्रजीत मालकही यू, नोकरही यू. आपल्याकडं पाटलाचं शेंबडं पोर आपल्या म्हाताऱ्याला 'तू' म्हणायचं. मनात मराठी करत गेलो तर प्रत्येक वाक्याला तो 'तू' लागला, आणि कथा गावाच्या आवाजात ऐकू आली.

पण 'हे तर आमचंच' हेही पटकन तोंडातून सुटतं. ते 'समजतंय'चंच भावंड. अकुन्ना हे नाव इग्बो. इग्बोंमध्ये ओसू आहेत, देवाला वाहिलेल्यांचे वंशज. त्यांच्याशी सोयरीक टाळतात. १९५६ साली पूर्व नायजेरियात कायद्यानं प्रथा बंद झाली, लग्न ठरवताना अजून निघते. ह्या कथेत ओसू नाही. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले आणि मे १९१६मध्ये कोलंबियात निबंध वाचला तो जातीवर. ते आपला सवाल बोटीवर सोडून उतरले नव्हते. मीही लागोसच्या त्या रस्त्यावर, बाप पालथा पडलाय तिथं, बघ्यांच्या गर्दीत ओसू कोण ते विचारत फिरणार.