अज्ञान आणि लज्जा

शाळेच्या एका सत्रात लहान मूल काय शिकते, हा प्रश्न वरवर पाहता अगदी साधा आहे आणि त्याचे उत्तर कोणत्याही शिक्षकाच्या टाचणवहीत सापडेल. जूनच्या मध्यास शाळा उघडते व दिवाळीच्या सुट्टीबरोबर पहिले सत्र संपते. या चार-साडेचार महिन्यांत अमुक इतकी जोडाक्षरे, अमुक इतके अंक, दोनचार कविता आणि थोडीशी बेरीज-वजाबाकी, असा हिशेब तेथे मांडलेला असतो. त्या हिशेबाशी माझे भांडण नाही. परंतु गेल्या वर्षी एक संपूर्ण सत्र मी एका सात वर्षांच्या मुलाच्या सहवासात काढले, आणि टाचणवहीत कोठेही न लिहिलेली एक गोष्ट मूल या काळात सर्वांआधी व सर्वांत पक्की शिकते, असे माझ्या ध्यानात आले. आपणास एखादी गोष्ट येत नाही हे कळले असता ते सांगावयाचे की लपवावयाचे, ही ती गोष्ट होय. आणि ती शिकविणारे बहुधा आपणच असतो.

प्रकृतीच्या कारणाने मला महाविद्यालयातून लांबलचक रजा घ्यावी लागली होती, आणि ती मी माझ्या वडील बहिणीच्या घरी, हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात गोरेगाव म्हणून जे गाव आहे तेथे काढली. पावसाळ्याचे दिवस, भोवताली सोयाबीनची व हळदीची शेते, ओसरीवर बसून वाचणे आणि पाऊस पाहणे यापलीकडे मला उद्योग नव्हता. अक्काचा नातू नुकताच दुसरीत गेला होता. तो मला आजोबा म्हणे. हे आजोबा प्रोफेसर आहेत, म्हणजे त्यांना सर्व काही येते, अशी त्याची समजूत अक्काने करून दिलेली होती. तिच्या निराकरणाचा प्रयत्न मीही केला नाही, हे येथे कबूल केलेले बरे.

एके दिवशी दिवेलागणीच्या वेळी अक्काने त्याला माझ्यापुढे उभे केले आणि अंक म्हणून दाखव, असे सांगितले. स्वारी उत्साहात होती. एकोणतीस, तीस; एकोणसाठ, साठ; एकोणऐंशी, ऐंशी; एकोणनव्वद, नव्वद, अशी गाडी न अडखळता धावत राहिली. मग सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव झाले, आणि पुढे एक क्षणभर थांबून, मान वर करून, त्याने मोठ्या विश्वासाने म्हटले, "एकोणशंभर, शंभर!"

प्रथम हसलो तो मी. मागोमाग अक्का हसली, तिची सून हसली, ओसरीच्या कडेला पाऊस थांबण्याची वाट पाहत बसलेले दोघे शेजारीही हसले. त्या हसण्यात दुष्टपणाचा लेशही नव्हता. उलट कौतुकच होते. पुढे आठ दिवस घरात त्याला 'एकोणशंभर' हेच नाव पडले.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मला जे सुचले, ते ओसरीवर सुचावयास हवे होते. हा शब्द मुलाला कोणी शिकविला? कोणीच नाही. तो त्याने ऐकलेला असणे शक्यच नाही. पुढच्या दहाच्या पाढीत एक उणे असले म्हणजे 'एकोण' म्हणावयाचे, हा नियम त्याला कोणी न सांगता उमगला होता, आणि तो नियम त्याने जेथे लावावयास पाहिजे तेथेच लावला. मोडला तो आपल्या भाषेने. एकोणिसापासून एकोणनव्वदापर्यंत मराठी हा नियम निष्ठेने पाळते व नव्व्याण्णवाशी येऊन तो सोडून देते. आपली शेजारीण हिंदी त्याहून आधी धीर सोडते. उन्यासीपर्यंत ती उणे मोजते आणि पुढे नवासी म्हणून मोकळी होते. ज्या मुलाने नुसते घोकले त्याच्या तोंडून 'एकोणशंभर' कधीच निघणार नाही. ही चूक करावयास समजावे लागते. त्या संध्याकाळी त्या ओसरीवर स्वतंत्र विचार करणारे एकच माणूस होते, आणि आम्ही सर्व त्याला हसलो.

आपल्या अंकांची वाट मुलांना बिकट आहे, हे काही मी प्रथम सांगत नाही. लिहिताना दोन आधी व पाच नंतर, बोलताना मात्र पंचवीस, म्हणजे पाच आधी व वीस मागून. एकोणतिसात तीस ऐकू येतात, पण लिहावयाचा तो दोन. (जर्मन मुलांनाही पाच आधी म्हणावे लागतात, एवढेच काय ते आपले समाधान.) २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ वाचनाच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' असेही वाचन दिले गेले, तेव्हा केवढे काहूर उठले होते हे वाचकांस आठवत असेल. विधिमंडळात विनोद झाले, वर्तमानपत्रांत लेख आले. आणि आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत चहाबरोबर जी थट्टा चाले तीत मीही मागे नव्हतो. गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या; २०२३ मध्ये त्या निवर्तल्या. एकवीस, बावीस हे शब्द जावेत असे मला आजही वाटत नाही, आणि ते पुस्तकातून गेलेही नव्हते. परंतु तो सगळा वाद आम्ही भाषेच्या अब्रूचा केला. मूल कोठे अडते, हा प्रश्न विचारणाऱ्या विदुषीला आम्ही उत्तर दिले नाही; आम्ही तिला हसलो. हसण्याची ही सवय आमची जुनीच म्हणावयाची.

परिणाम दिसावयास फार दिवस लागले नाहीत. मुलाने माझ्यापुढे अंक म्हणणे सोडले. "आज काय शिकलास?" असे विचारले की "सगळं" असे उत्तर येई, "येतं का?" म्हटले की "हो." पोळ्याच्या सुमारास एकदा सहज त्याची वही माझ्या हाती आली. बेरजा सर्व बरोबर होत्या. तशाच एका बेरजेतले अंक बदलून मी त्याला ती पाटीवर मांडून दिली, तेव्हा त्याला ती येईना. वहीतल्या बेरजा शेजारच्या मुलाच्या होत्या. येत नाही असे मात्र त्याने तेव्हाही म्हटले नाही. पोट दुखते असे म्हटले.

मला एकदम माझा वर्ग दिसला. पंचवीसहून अधिक वर्षे मी तत्त्वज्ञान शिकवीत आलो. तास संपताना "समजले?" असे मी विचारतो आणि चाळीस माना हलतात. त्या माना कधी शिकल्या, हा विचार मी कधी केला नव्हता. आणि दैवाची थट्टा अशी की, प्लेटोचा 'मेनो' हा संवाद मी दरसाल त्याच वर्गात शिकवितो. चौरसाचे क्षेत्रफळ दुप्पट करावयाचे तर बाजू केवढी घ्यावी, असे सॉक्रेटीस एका दास मुलाला विचारतो. तो एकदा चुकतो, पुन्हा चुकतो, आणि शेवटी मला ठाऊक नाही असे म्हणतो. तेव्हा सॉक्रेटीस धन्याकडे वळून सांगतो की, हा मुलगा आता पूर्वीपेक्षा चांगल्या स्थितीत आहे. हे मी किती रसाळपणे समजावून देत असे! परंतु खरा मुलगा पुढे उभा राहिला, तेव्हा मी सॉक्रेटीसाच्या बाजूला नव्हतो.

येथे कोणी म्हणेल की, लज्जा हा तर सद्गुण आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या यादीत 'ह्री'ची गणना आहे, आणि ज्याला लाज नाही तो सुधारणार कसा? आक्षेप हलका नाही. परंतु ती लज्जा अनुचित कर्माची आहे. खोटे बोललो, दुबळ्याला मारले, याची लाज माणसाला आवरते. न येणे हे कर्म नव्हे; ती एक अवस्था आहे, आणि शाळा तर तिच्याचसाठी काढलेली आहे. या दोन लाजा मुलाच्या मनात एकमेकींत मिसळल्या म्हणजे विपरीत घडते. न येण्याची लाज झाकण्याकरिता मूल खोटे बोलते, आणि खोटे बोलण्याची लाज त्याला उरत नाही. आमच्या घरी घडले ते हेच. दैवी संपत्तीतील ह्री आम्ही त्याला दिली नाही. सत्य मात्र काढून घेतले.

दुसरा आक्षेप मला अधिक अवघड वाटला, कारण तो त्याच जिल्ह्यातून आला. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानलेली नरसी याच हिंगोली जिल्ह्यात आहे, आणि विसोबा खेचरांचे औंढेही येथेच. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी कशी पारखली आणि नामदेवांचे मडके कच्चे कसे ठरले, ती कथा प्रत्येक मराठी घरात माहीत आहे. सर्व संतमंडळी हसली, नामदेव अपमानाने पेटून उठले, आणि त्या अपमानानेच त्यांना गुरूच्या दाराशी नेले. मग हसण्याने वाईट झाले कोठे? पुष्कळ दिवस मी या प्रश्नापाशी अडलो होतो. पुढे असे वाटू लागले की, आपण या कथेचा मधला भाग विसरतो. तेरहून नामदेव थेट औंढ्यास गेले नाहीत. ते आधी पंढरीस गेले, आणि विठ्ठलाजवळ रडले. विठ्ठल हसला नाही, आणि तुझे मडके पक्के आहे अशी खोटी समजूतही त्याने घातली नाही. ते म्हणतात ते खरे आहे, असेच त्याने सांगितले. परंतु नामदेव त्याचे होते ते त्याचेच राहिले. ज्याला पाठीशी असे एक ठिकाण आहे त्याला चारचौघांचे हसणे सोसते. सात वर्षांच्या मुलाची पंढरी म्हणजे त्याचे घर. तेर आणि पंढरी दोन्ही जर एकाच ओसरीवर असतील, आणि तेथेच हसू उठले, तर त्याने रडावयास जावे कोठे?

छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम तर शाळेच्या पहिल्याच दिवशी अडला होता. तुझे गोत्र कोणते, असे हारिद्रुमत गौतमाने विचारले, आणि मला ठाऊक नाही असे तो म्हणाला. आईने जे सांगितले तेही त्याने जसेच्या तसे सांगून टाकले. गौतमाने त्याला समिधा आणावयास सांगितले, कारण तो सत्यापासून ढळला नाही. असे बोलणे ब्राह्मणालाच शक्य, असे जे अनुमान गौतम काढतो ते आज आपण मान्य करण्याचे कारण नाही. परंतु 'मला ठाऊक नाही' या शब्दांवर ज्याला प्रवेश मिळाला असा विद्यार्थी आपल्या परंपरेत आहे, हे विसरून चालणार नाही.

छडी आता कायद्याने गेली. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याचे सतरावे कलम शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही मनाई करते. आमच्या पिढीने जे अंगावर सोसले ते या मुलांना सोसावे लागत नाही, हे थोडके नव्हे. परंतु प्रेमाने हसण्याविरुद्ध कोणता कायदा करावा? आणि या पहिल्या सत्राला मराठवाड्यात आणखी एक वजन आहे. दिवाळीच्या आगेमागे कित्येक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात, आणि मागे आजी-आजोबा किंवा हंगामी वसतिगृह नसेल तर मुलेही त्यांच्याबरोबर जातात. परततात ती उन्हाळ्याच्या तोंडी. अशा मुलाचे वर्ष म्हणजे हेच एक सत्र. परतल्यावर वर्ग पुढे गेलेला असणारच. त्याने काय करावे हे तेव्हा त्याच्या बुद्धीवर अवलंबून नसते. मला येत नाही, असे म्हणावयाची मुभा त्याला दिवाळीपूर्वी मिळाली होती की नाही, यावर अवलंबून असते.

मी केलेले निस्तरावे कसे, हे मला पुस्तकांतून सापडेना. दसऱ्यानंतर एका संध्याकाळी वासरू सुटले म्हणून आम्ही दोघे गोठ्यात गेलो. दावे खुंट्याला मी बांधले. त्याने ते पाहिले आणि काही बोलावे की नाही या विचारात तो थोडा घुटमळला.

"आजोबा, ही निरगाठ झाली," तो म्हणाला. "रात्री काही झालं तर सुटायची कशी?"

त्याने एका ओढीने सुटेल अशी गाठ मारून दाखविली. मी मारली, ती आपोआपच सुटली. पुन्हा मारली, पुन्हा निरगाठ.

"मला येत नाही," मी म्हटले. "परत दाखव."

त्याने माझ्याकडे संशयाने पाहिले. मी सोंग करीत आहे की काय, हे त्याला ठरवावयाचे होते. सोंग नव्हते, माझ्या बोटांची एकंदर अवस्था पाहून त्याची खात्री पटली असावी. तीन दिवस तो मला ती गाठ शिकवीत होता. एकदाही हसला नाही.

वसुबारसेच्या दिवशी मी निघण्याची तयारी करीत होतो. सत्र संपले होते. तो खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"आजोबा, नव्वदाच्या आधी एकोणनव्वद, मग शंभराच्या आधी एकोणशंभर का नाही?"

माझ्या तोंडाशी संस्कृतातील नवनवति आले होते, आणि तेथून नव्व्याण्णवापर्यंतचा सगळा प्रवासही मला सांगता आला असता. पण त्याने तो विचारला नव्हता.

"शब्द कुठून आला ते सांगेन," मी म्हटले. "पण नियम तिथेच का मोडला, ते मला ठाऊक नाही."

तो क्षणभर तसाच उभा राहिला, आणि मग स्वयंपाकघराकडे धावत सुटला. "आजी, आजोबांना पण येत नाही!" अक्का हसली, तिची सून हसली, सर्वांत मोठ्याने हसला तो स्वतः.